दोनशे

नवरात्रीच्या चौथ्या रात्री अकरा तास सगळं बंद.
गरब्याचे पास विकणाऱ्या निमेषभाईंचे बावीस फोन,
"बेन, क्यारे चालू थशे?"
आणि मी दांडिया बाजारातल्या खोलीत,
होस्टिंगवाल्यांच्या "आम्ही लक्ष घालत आहोत" या ओळीकडे
लक्ष घालत बसले होते.

तेव्हाच ठरवलं, दुसरं घर बघून ठेवायचं.
भांडण झालं म्हणून नव्हे.
ओट्याखाली गॅसचा दुसरा सिलिंडर असतो तसं.
मधूनमधून उचलून बघायचा,
भरलेला आहे ना खरंच.

एकतीस साइटी. एक तक्ता.
पहिल्या रकान्यात नाव,
दुसऱ्यात: किती वेळ बंद चालेल?
निमेषभाई, शून्य मिनिटं. नऊ रात्री. एरवी वर्षभर.
डॉक्टर तोरणे, दातांचे, एक दिवस.
दाढ दुखणारा फोन करतोच.
शितोळे मॅडमचा दिलरुबा वर्ग, त्यांना कळणारही नाही.
हेतल म्हणाली, ताई, असं नका लिहू, कधी त्यांना दाखवावं लागेल.
मी खोडून लिहिलं: लवचीक.

मग शोध.
एक कंपनी स्वस्त, एक गोड बोलणारी.
तिसरीला तीनदा विचारलं, तुमची यंत्रं नक्की कुठे आहेत,
तेव्हा कळलं,
ती आमच्याच कंपनीच्या इमारतीत भाड्याने आहेत.
जनरेटरही एकच.
म्हणजे पूर येणार म्हणून सामान उचलायचं
आणि त्याच खोलीतल्या पलंगावर ठेवायचं.
समा भागातल्या कुणालाही विचारा,
पलंग किती उंच असतो ते.

सगळ्यात विचित्र काम पत्त्यांचं.
जग आपला पत्ता दिवसभर पाठ ठेवतं,
घर बदललं तरी लोक जुन्याच दारात उभे.
म्हणून आधीपासून सांगून ठेवायचं,
मला फक्त पाच मिनिटं लक्षात ठेवा,
मग पुन्हा विचारा.
हे एकतीस वेळा भरलं.
सत्ताविसाव्याला उठून चहा केला.

शेवटची ओळ: फणसे.
रघुवीर फणसे. वारले त्याला तीन वर्षं.
रोज सकाळी काळ्या घोड्याच्या पुलावर जायचे,
विश्वामित्रीचं पाणी फूट-इंचांत मोजायचे
आणि साइटवर टाकायचे.
खाली कधी एखादी ओळ, "आज मगर दिसली नाही."
शेवटची नोंद: नऊ फूट चार इंच. ढग आहेत.
पैसे मुलगी भरते, सुरतेहून, काही न विचारता.
रकान्यात काय लिहू?

हेतल म्हणाली, पण ताई, ही साइट कुणीतरी बघतं.
दर पाच मिनिटांनी. रात्री तीनलासुद्धा.
क्षणभर वाटलं, मुलगी.
नोंदी उघडल्या.
मीच होते.
मीच बसवलेला पहारा
दर पाच मिनिटांनी दार वाजवतो, आहात का?
आणि नऊ फूट चार इंचांवरून
उत्तर येतं: दोनशे.
आमच्या धंद्यात "आहे"ला दोनशे म्हणतात.

महिन्याला अकराशे ऐंशी, सगळ्यांचे मिळून.
फणशांना वगळलं तरी तेवढेच.

शनिवारी रात्री रंगीत तालीम.
पहिलं घर मुद्दाम बंद करायचं,
दुसऱ्यात कोण कोण उठून बसतं ते बघायचं.
सुरुवात त्यांच्यापासून, ज्यांच्याकडे कुणी येत नाही.
नियमच आहे तसा.
एक वाजून सात मिनिटांनी बटण दाबलं.
हेतल नखं खात होती.
पाच मिनिटं काही नाही.
सहाव्या मिनिटाला
नव्या पत्त्यावरून, दोनशे.

पुलाचा फोटो तेवढा आला नाही.
तो सोमवारी बघू.